मदत हवी आहे: आज्यांचं कळलं, आजोबांचं काय?

नमस्कार मंडळी,

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ‘माणूस इतका का जगतो’ यावर बोलायचं आहे. निम्मं भाषण झालंय, पुढे गाडी अडलीय.

आज्यांचा भाग सोपा आहे. पाळी पन्नाशीच्या आसपास जाते, तरी बाई पुढे कितीतरी वर्षं जगते. मानवशास्त्रज्ञ क्रिस्टन हॉक्स यांना टांझानियातल्या हाड्झा या शिकार-कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांत दिसलं की म्हाताऱ्या बायका कंद खणून आणतात आणि लेक तान्ह्या बाळात गुंतली की थोरल्या नातवंडांचं पोट त्यावर भरतं. नातवंडं जगली की आजीची दीर्घायुषी जनुकंही टिकतात. फिनलंडच्या चर्चच्या जुन्या नोंदींतही जास्त जगलेल्या बायकांना नातवंडं जास्त होती. आजोबांच्या जगण्याचा मात्र तिथे असा काही फायदा दिसला नाही. (हे संघात कुठल्या तोंडाने सांगू?)

आता अडचण. जीवशास्त्रज्ञ हॅमिल्टनच्या १९६६च्या गणितानुसार मुलं होणं थांबलं की नैसर्गिक निवडीचा जोर संपतो. यावर श्रीपाद तुळजापूरकर, प्यूलस्टन आणि गुर्वेन यांनी २००७ साली म्हटलं की बायकांबरोबर पुरुषही मोजा. काही पुरुष उतारवयातही तरुण बायकांपासून बाप होतात, त्यामुळे साठीत घात करणारी जनुकंही निवडीत गाळली जातात. बहुतेक जनुकं मुलामुलींत सारखीच, म्हणून फायदा लेकींनाही.

पटतं, पण मग चिंपांझींचं काय? त्यांचे नरही म्हातारपणी बाप होतातच की, तरी ती जात आपल्याइतकी जगत नाही. म्हणजे आयुष्य आधी आज्यांमुळे वाढलं आणि म्हाताऱ्यांचं बापपण मागून आलं, असं तर नाही? बरं, तसं म्हणावं तर ऑर्का व्हेल आडवे येतात. त्यांच्या माद्या चाळिशीनंतर सहसा वीत नाहीत आणि तरी ऐंशीपर्यंत जगू शकतात. नर मात्र खूप आधी मरतात. आज्यांची जनुकं तिथे नरांच्या कामी का येत नाहीत?

शिवाय बापाचं वय वर्षाने वाढलं की मुलात साधारण दोन नवी उत्परिवर्तनं (जनुकांतले अचानक बदल) वाढतात, असं आइसलंडच्या २०१२च्या अभ्यासात आढळलं. हा तोटा तुळजापूरकर वगैरेंच्या गणितात धरलाय का?

‘पूर्वी सगळे तिशीतच मरायचे’ हा प्रतिसाद कृपया नको. ती सरासरी बालमृत्यूंमुळे खाली येते. मोठं झालेलं माणूस शिकारी टोळ्यांतही बहुधा सत्तरीच्या आसपास जायचं.

जीवशास्त्रवाल्यांनी ऑर्काचं कोडं आधी घ्यावं, बाकीचं सवडीने चालेल.