लिनक्सवर वायफाय रखडतंय? आधी मोजा, मग कमांड चिकटवा

धागाकर्ता: वायफाय मंदावलं की नेटवर सापडेल ती कमांड टर्मिनलमध्ये चिकटवायची, ही सवय सोडायला हवी, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यात आधी राउटरलाच पिंग करा, म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा. तिथेच वेळ दोनवरून दोनशे मिलिसेकंदांवर उड्या मारत असेल, तर घोळ घरातच आहे. इंटरनेटवाल्याशी भांडून उपयोग नाही. मग 'आयडब्ल्यू' (iw) या कमांडने सिग्नल बघा. उणे ५० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं) आसपास असेल तर झकास. उणे ८० असेल तर राउटर जवळ आणा, ड्रायव्हरच्या (वायफाय कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) मागे लागू नका. सिग्नल चांगला असूनही पिंग अडखळतोय, तर पॉवर सेव्ह (वीज वाचवायला वायफाय कार्डला मधूनमधून झोपवणारी सोय) तपासा. उबंटूत (लिनक्सचाच एक प्रकार) नेटवर्क मॅनेजर या नेटवर्क सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या फाइलमध्ये त्याचा आकडा ३ असतो, म्हणजे चालू. तो २ केला की बंद.

प्रतिसाद १: साफ असहमत. माझ्या वडिलांना मी लिनक्स टाकून दिलंय. त्यांनी डीबीएम वाचत बसायचं का? सरळ इंटेलचं वायफाय कार्ड बसवावं आणि मोकळं व्हावं.

प्रतिसाद २: अहो, काही जुन्या लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) परकं कार्ड स्वीकारतच नाही! आणि धागाकर्ते, 'उणे ८० म्हणजे राउटर जवळ आणा' हेही सरसकट खरं नाही. रिअलटेकचं ८७२३बीई हे वायफाय कार्डच उदाहरण म्हणून बघा. अँटेना जोडायला जागा दोन, पण कित्येक लॅपटॉपमध्ये कंपनीने एकच जोडलेली. ड्रायव्हर नेमका रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. राउटरला खेटून बसलात तरी सिग्नल मरतुकडाच, आणि त्याच मशीनवर विंडोज सुसाट. तिथे ड्रायव्हरला 'अँट_सेल' (कुठली अँटेना वापरायची ते सांगणारी सेटिंग) १ किंवा २ देऊन बघावंच लागतं.

धागाकर्ता: मान्य, ही भर मोलाची आहे. पण राउटरशेजारी बसून सिग्नल मोजला म्हणूनच अँटेनाचा संशय आला ना? मी तेच म्हणतोय.

प्रतिसाद ३: ब्लूटूथ विसरलात सगळे. हेडफोन लावले की २.४ गिगाहर्ट्झवरचं वायफाय गळपटतं, कारण दोघांचा पट्टा एकच. ५ गिगाहर्ट्झवर जा.

प्रतिसाद १: माझा मुद्दा तसाच राहतोय. कायम प्लगला लावलेल्या डेस्कटॉपवर पॉवर सेव्ह मुळात चालू कशाला? बॅटरी नाही हे सिस्टिमला कळतं. हे वडिलांनी नाही, डिस्ट्रोवाल्यांनी (उबंटूसारखे लिनक्सचे प्रकार बनवणाऱ्यांनी) करायचं काम आहे.

धागाकर्ता: डेस्कटॉपपुरतं शंभर टक्के पटलं. लॅपटॉपवर मात्र ते सरसकट बंद करायला माझा विरोधच राहील.