हॅरॉल्ड वॉशिंग्टन : साडेचार वर्षांच्या कारकिर्दीला शिकागोत एवढे महत्त्व का?

अनिकेत_व्ही यांचा प्रश्न

शिकागोच्या मुख्य सार्वजनिक ग्रंथालयाला हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांचे नाव आहे. १९८३ मध्ये निवडून आलेले ते त्या शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर आणि नोव्हेंबर १९८७ मध्ये पदावर असतानाच त्यांचे निधन झाले, एवढे मला माहीत आहे. मात्र वाचलेल्या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. डेमोक्रॅटिक पक्षाच्या शिकागोतील ‘मशीन’ला, म्हणजे मतांच्या बदल्यात नोकऱ्या वाटणाऱ्या पक्षयंत्रणेला, त्यांनी सुरुंग लावला असे सर्वत्र म्हटले जाते; पण त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग त्याच मशीनमध्ये गेलेला दिसतो. शिवाय पहिली तीन वर्षे सभागृहात बहुमत त्यांच्या विरोधकांकडे होते. आपल्याकडे मुंबईत प्रशासन आयुक्तांच्या हाती असते आणि महापौर मुख्यतः सभागृह चालवतात. शिकागोत महापौर हाच प्रशासनाचा प्रमुख असतो, हा फरक मी जाणतो. तरीही सभागृह विरोधात असताना ते नेमके काय करू शकले, हे जाणकारांनी सांगावे.

सुमेधा_का यांचे उत्तर

आपल्या पहिल्या शंकेपुरते लिहिते. वॉशिंग्टन मशीनमध्ये ‘गेले’ नाहीत. ते त्यातच वाढले. त्यांचे वडील रॉय हे वकील, मेथडिस्ट धर्मोपदेशक आणि शहराच्या दक्षिण भागातील डेमोक्रॅटिक पक्षाचे बूथप्रमुख होते. हॅरॉल्ड यांनी शाळा अर्धवट सोडली, दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधील बेटांवर धावपट्ट्या बांधणाऱ्या लष्करी तुकडीत काम केले आणि परतल्यावर रूझवेल्ट महाविद्यालयात प्रवेश घेतला. विद्यार्थ्यांची वर्णनिहाय मोजदाद द्यायला नकार देऊन बाहेर पडलेल्या प्राचार्यांनी व प्राध्यापकांनी १९४५ मध्ये हे महाविद्यालय सुरू केले होते. तेथून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाची कायद्याची पदवी १९५२ मध्ये मिळाली. वडील वारल्यावर त्यांची पक्षातील जागा मुलाकडे आली आणि पक्षाचे स्थानिक नेते राल्फ मेटकाफ यांच्या हाताखाली संघटनेचे काम सुरू झाले. (हे तेच मेटकाफ, जे १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरच्या शर्यतीत जेसी ओवेन्स यांच्या पाठोपाठ दुसरे आले होते.)

मशीनचा व्यवहार रोखठोक होता : मते आणून द्या, नोकरी घ्या. महापौर रिचर्ड जे. डेली यांच्या एकवीस वर्षांच्या राजवटीत कृष्णवर्णीय वस्त्यांनी मतांचे गठ्ठे दिले. बदल्यात मिळालेल्या नोकऱ्या बहुतेक खालच्या पायरीवरच्या होत्या आणि शाळा व घरे यांबाबतचा भेदभाव तसाच राहिला. वॉशिंग्टन १९६५ पासून राज्याच्या विधिमंडळात होते. तेथे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी राज्यात लागू व्हावी यासाठी त्यांनी विधेयक रेटले; मात्र पक्षादेश आला की पुष्कळदा मान तुकवावीही लागे.

माझ्या मते कलाटणी डिसेंबर १९७६ मध्ये मिळाली. डेली यांचे निधन झाले, तेव्हा सभागृहाचे हंगामी अध्यक्ष विल्सन फ्रॉस्ट हे कृष्णवर्णीय नगरसेवक होते आणि काळजीवाहू महापौरपदावर त्यांनी हक्क सांगितला. ते महापौरांच्या दालनापाशी गेले, तर दालनाला कुलूप! संघटनेशी एकनिष्ठ राहिलेल्या माणसालाही दार उघडत नाही, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले. त्यानंतरच्या १९७७ च्या महापौरपदाच्या पोटनिवडणुकीत वॉशिंग्टन मशीनविरुद्ध उभे राहिले आणि सुमारे ११ टक्के मतांवर थांबले. तरीही ते मागे फिरले नाहीत. १९८० मध्ये मशीनच्या विद्यमान खासदाराला पक्षांतर्गत निवडणुकीत हरवून ते काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, पोहोचले.

दत्ता_जोगळे यांचे उत्तर

वर लिहिलेले योग्यच आहे. त्याला १९८३ च्या निवडणुकीची जोड द्यायला हवी, कारण सभागृहातील संघर्षाचे मूळ तिच्यात आहे.

महापौर जेन बर्न यांनी शहराच्या गृहनिर्माण मंडळावर कृष्णवर्णीयांच्या जागी गोऱ्या सदस्यांची नेमणूक केल्यामुळे १९८२ मध्ये मोठा असंतोष होता. कार्यकर्ते वॉशिंग्टन यांच्याकडे उभे राहण्याची गळ घालू लागले, तेव्हा आधी किमान पन्नास हजार नवे मतदार नोंदवून दाखवा, अशी त्यांनी अट घातली. प्रत्यक्षात लाखाहून अधिक नावे नोंदली गेली! फेब्रुवारीतील पक्षांतर्गत निवडणुकीत बर्न आणि थोरल्या डेलींचे पुत्र रिचर्ड एम. डेली यांच्यात गोरी मते विभागली आणि वॉशिंग्टन ३६ टक्के मतांवर विजयी झाले.

शिकागोत डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळाली की गुलाल उधळायचा, अशी तोवरची रीत होती. १९३१ नंतर तेथे एकही रिपब्लिकन महापौर झालेला नव्हता. या वेळी मात्र डेमोक्रॅटिक पक्षाचेच अनेक गोरे पदाधिकारी रिपब्लिकन उमेदवार बर्नार्ड एप्टन यांच्या बाजूला गेले. ‘फार उशीर होण्याआधी’ मत द्या, ही एप्टन यांची घोषणा कशाबद्दल होती, ते कोणाला समजावून सांगावे लागले नाही. वॉशिंग्टन यांच्यावरील जुना खटलाही उकरून काढण्यात आला. चार वर्षांची आयकर विवरणपत्रे न भरल्याबद्दल १९७२ मध्ये त्यांना काही आठवडे तुरुंगात काढावे लागले होते. सुमारे तेरा लाख मतदानात ते ४८ हजारांच्या आसपास मतांनी निवडून आले.

आता सभागृह. एकूण पन्नास नगरसेवकांपैकी विरोधकांचे म्होरके नगरसेवक एडवर्ड व्हर्डोलियाक यांच्या गोटात २९ आणि महापौरांकडे २१. दोन मे १९८३ च्या बैठकीत समित्यांची अध्यक्षपदे ठरायची होती. आकडे जुळत नाहीत हे दिसताच वॉशिंग्टन यांनी आवाजी मतदानाने बैठक तहकूब झाल्याचे जाहीर केले, हातोडा आपटला आणि ते आपल्या नगरसेवकांसह सभागृहाबाहेर पडले. व्हर्डोलियाक यांनी अध्यक्षस्थान घेतले, बैठक पुढे चालवली आणि सगळ्या महत्त्वाच्या समित्या आपल्या गोटात वाटून टाकल्या. वित्त समिती एडवर्ड बर्क यांच्याकडे गेली. न्यायालयानेही व्हर्डोलियाक गटाचीच बाजू उचलून धरली. त्या दिवशी महापौरांनी घाई केली, असे माझे मत आहे.

परंतु एक आकडा विरोधकांच्या हाती नव्हता. महापौरांचा नकाराधिकार मोडून काढायला दोन तृतीयांश, म्हणजे ३४ मते लागत. त्यामुळे २९ जण महापौरांच्या नेमणुका अडवून ठेवू शकत होते, पण आपले निर्णय त्यांच्यावर लादू शकत नव्हते. ही कोंडी १९८६ पर्यंत चालली. प्रभागांची आखणी कृष्णवर्णीय व लॅटिनो मतदारांवर अन्याय करणारी असल्याचे न्यायालयात ठरले आणि सात प्रभागांत पुन्हा निवडणूक झाली. सव्विसाव्या प्रभागात महापौरांचे उमेदवार लुईस गुटिएरेझ पहिल्या फेरीत थोड्या मतांनी पुढे होते. पण मतपत्रिकेवर हाताने तिसरे नाव लिहून दिलेल्या काही मतांमुळे त्यांची निम्मी मते भरली नाहीत. एप्रिलअखेरीच्या दुसऱ्या फेरीत ते निवडून आले, सभागृह २५-२५ झाले आणि निर्णायक मत महापौरांचे ठरले.

अनिकेत_व्ही

दोघांचेही मनापासून आभार. चित्र बरेच स्पष्ट झाले. मग त्या तीन वर्षांत सभागृहाला वळसा घालून काय झाले? आणि त्यांच्या पश्चात ते टिकले का?

रोहिणी_परदेशी यांचे उत्तर

वळसा घालण्याचा मार्ग म्हणजे महापौरांचे आदेश. पालिकेची कागदपत्रे नागरिकांना पाहण्यास खुली करणारा आदेश त्यांनी १९८३ मध्येच काढला. राजकीय वशिल्याने होणाऱ्या नोकरभरतीवर बंधन आणणारा न्यायालयीन करार, ज्याला शिकागोत शॅकमन म्हणून ओळखतात, त्यांनी मान्य केला. स्वतःच्या कार्यकर्त्यांची सोय लावण्याची संधी हातात असताना ती सोडली, म्हणून मी याला सर्वात जास्त गुण देईन. पालिकेच्या कंत्राटांत २५ टक्के वाटा अल्पसंख्याकांच्या आणि ५ टक्के वाटा महिलांच्या उद्योगांना देण्याचा आदेश १९८५ चा. त्याच वर्षी, नागरिकत्व विचारून कोणाचीही सेवा अडवू नये, असेही त्यांनी पालिकेच्या खात्यांना बजावले.

मात्र उणी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ही नुसती आरती होईल. सार्वजनिक घरकुलांची दुरवस्था त्यांच्या काळात फारशी सुधारली नाही आणि त्या मंडळाचा कारभार त्यांच्याच माणसांकडे असताना ढिसाळ राहिला. लाचखोरीच्या केंद्रीय तपासात त्यांच्या गोटातील नगरसेवकही दोषी ठरले. १९८७ च्या शरद ऋतूत शिक्षकांचा संप जवळजवळ महिनाभर चालला. पालकांचा संताप वाढल्यावर त्यांनी शिक्षणविषयक मोठी परिषद बोलावली. त्यातून पुढे आलेला शाळा सुधारणा कायदा १९८८ मध्ये राज्याने केला, पण तो पाहायला ते नव्हते.

टिकण्याबद्दल विचाराल, तर आदेश टिकले, आघाडी टिकली नाही. १९८७ च्या एप्रिलमध्ये ते स्पष्ट बहुमताने पुन्हा निवडून आले होते. पंचवीस नोव्हेंबरला सकाळी अकराच्या सुमारास आपल्या टेबलाशी बसून माध्यम सचिवांशी शाळांविषयी बोलत असताना त्यांना हृदयविकाराचा झटका आला, वय ६५. नंतर आठवडाभरात त्यांचेच नगरसेवक फुटले. टिमथी इव्हान्स हे त्यांचे सभागृहातील नेते. पण जुन्या मशीनच्या गोऱ्या नगरसेवकांनी युजीन सॉयर या कृष्णवर्णीय नगरसेवकाला पाठिंबा दिला. पालिकेत हजारो लोक घोषणा देत असताना पहाटे चारच्या सुमारास मतदान होऊन सॉयर महापौर झाले. १९८९ च्या विशेष निवडणुकीत सॉयर यांना डेलीपुत्राने पक्षातच हरवले, आणि अंतिम लढतीत त्याच्यासमोर दोघे होते : ‘हॅरॉल्ड वॉशिंग्टन पार्टी’ या नावाच्या पक्षातर्फे इव्हान्स आणि रिपब्लिकन उमेदवार म्हणून, होय, तेच एडवर्ड व्हर्डोलियाक. डेली जिंकले आणि २०११ पर्यंत राहिले.