बाबांची रेशीची कॅप्सूल थांबवावी का?

प्राजक्ता (नेरुळ):
बाबा ७१ वर्षांचे. गेल्या दिवाळीनंतर अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून इकोस्प्रिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू आहेत. सकाळी ज्वेल ऑफ नवी मुंबईला फिरायला जातात. तिथल्या एका काकांनी पावसाळ्याच्या तोंडावर रेशी अळंबीच्या कॅप्सूलची डबी दिली. म्हणे, प्रतिकारशक्ती वाढते, सर्दी-खोकला जवळ फिरकत नाही. ६० कॅप्सूल, १,९०० रुपये. परवा दाढी करताना हनुवटीला जरासं कापलं. तुरटी फिरवली, कापूस दाबून धरला, तरी समोरचा चहा गार होईपर्यंत रक्त झिरपत होतं. डबी आली तेव्हाच नीट चौकशी केली नाही याची फार चुटपुट लागलीय. काकांचं मन मोडायचं नाही म्हणून बाबा थांबायला तयार नाहीत.

विनायक (नौपाडा, ठाणे):
ताई, माझं मेडिकल आहे, २६ वर्षं काउंटरला उभा आहे. आधी हे ऐका: हृदयाच्या दोन्ही गोळ्या अजिबात बंद करू नका. स्टेंट बसवलेला असताना त्या मध्येच सोडणं जिवावर बेतू शकतं. बंद करायची ती कॅप्सूल, आणि आजच कार्डिओलॉजिस्टना फोन करा. रक्त लवकर न थांबायला त्या दोन गोळ्याही पुरतात. पण रेशीनेसुद्धा प्लेटलेट्स एकमेकींना चिकटणं कमी होऊ शकतं, म्हणजे त्याच कामात तिसरा भिडू. शौचाला काळं झालं तर वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

मीनल (कोपरखैरणे):
मी ढिंगरी अळंबी पिकवते, त्यामुळे अळंबीला कुणी नावं ठेवली की मला लागतं. तिच्यातल्या बीटा-ग्लुकान नावाच्या घटकाचा प्रतिकारशक्तीच्या पेशींवर परिणाम होतो, हे खरं आहे. जपानमध्ये टर्की टेल अळंबीपासून काढलेल्या पीएसके या औषधाला १९७७ मध्ये मान्यता मिळाली. पण तो शुद्ध केलेला अर्क, तोही कॅन्सरच्या उपचारांच्या जोडीला. डबीतली पूड म्हणजे ते नव्हे. आमच्याकडे अळंबीचं बियाणं गव्हावर वाढतं. पांढरे धागे दाण्याला असे धरतात की सोडवता येत नाहीत. काही जण ते दाण्यासकट वाळवून दळतात आणि कॅप्सूलमध्ये भरतात. एक कॅप्सूल फोडून पूड पाण्यात उकळा, गार झाल्यावर बीटाडीनचे दोन थेंब टाका. निळंकाळं झालं तर आत धान्याचं पीठ आहे. नाही झालं म्हणजे माल चांगला, असं मात्र समजू नका.

प्राजक्ता (नेरुळ):
डॉक्टरांशी बोलले. कॅप्सूल आजपासून बंद, गोळ्या तशाच, शुक्रवारी दाखवायला बोलावलंय. बीटाडीन बाबांसमोरच टाकलं. वाटीतलं पाणी शाईसारखं झालं. बाबा बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "फोटो काढ. त्याला दाखवतो. त्याची शुगरची गोळी चालू आहे."

विनायक (नौपाडा, ठाणे):
जरूर दाखवा. रेशीने साखरही खाली येऊ शकते. काकांनाही त्यांच्या डॉक्टरांना विचारायला सांगा.