कुत्र्या-मांजरापलीकडची घरची जनावरं : अनुभव लिहा

ससे, पक्षी, कासवं, कोंबड्या, गिनीपिग, घरात जे जे वर्षानुवर्षं सांभाळलंत त्याबद्दल इथे लिहा. गोड दिसतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. खायला काय आणि किती, जागा केवढी, कुठे बिनसतं आणि का, ते येऊ द्या. एक गोष्ट आधीच मिटवू : गळ्यात पट्टा असलेला आपला हिरवा पोपट, मैना, मुनिया आणि चांदणी कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. दुकानदार काहीही म्हणो, ते पाळता येत नाहीत. जखमी सापडले तर वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.

———

सशाबद्दल. गाजराचं चित्र आधी डोक्यातून काढा. त्यात साखर असते. आठवड्यातून दोनदा अंगठ्याएवढा तुकडा पुष्कळ झाला. खरं अन्न म्हणजे वाळलेलं गवत. त्याच्या अंगाएवढा ढीग चोवीस तास समोर हवा, कारण सशाचे दात जन्मभर वाढत असतात आणि गवत दळूनच ते झिजतात. शिवाय हरळी, कोथिंबीर, मुळ्याचा पाला रोज मूठ-दोन मूठ. लसूणघास सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना ठीक. मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं आणि लघवी पांढरट, गढूळ येऊ लागते. पोळी, भात, बिस्किट अजिबात नको.

खाणं थांबलं, लेंड्या बारीक झाल्या किंवा बंद झाल्या की घड्याळ बघायला लागा. बारा तास म्हणजे तातडीची वेळ, 'उद्या सकाळी बघू' चालत नाही. आतडं थांबलं की आत गॅस धरतो, दुखतं, म्हणून तो आणखी खात नाही, आणि ससा ओकूही शकत नाही. पहाटे स्वतःच्या मऊ लेंड्या खातो ते मात्र त्याचं नेहमीचंच, थांबवू नका.

डॉक्टर सशाची माहिती असलेलाच हवा, आणि तो ससा आणण्याआधी शोधावा. तोंडावाटे दिलेलं अमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक सशाच्या पोटातले उपयोगी जिवाणू मारतं आणि ससा दगावू शकतो. कुत्र्याच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिलही सशाला विषारी आहे. घरात कुत्रा असेल तर ही बाटली चुकून वापरली जाते.

उन्हाळ्यात तापमान ३० अंशांवर गेलं की त्याला त्रास सुरू होतो. पाण्याची बाटली गोठवून फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवा, कान ओल्या हाताने पुसा. गार पाण्यात बुचकळू नका. पिंजऱ्याचा तळ नुसत्या जाळीचा असेल तर मागचे तळपाय सोलवटतात. अर्ध्या भागात तरी लाकडी फळी आणि गवत टाका. कानाला धरून कधीच उचलू नये. एक हात छातीखाली, एक मागच्या पायांखाली. अधांतरी झटका मारला तर त्याच्याच पायांच्या जोराने कणा मोडतो.

———

वरच्यात भर. सशीण पिल्लांना दिवसातून एखाद-दोन वेळाच, काही मिनिटं पाजते. 'आईने टाकलं' म्हणून लोक ड्रॉपरने गाईचं दूध घालतात आणि ते फुप्फुसात जातं. सकाळी पिल्लांचं पोट बघा : गोल, ताणलेलं असेल तर दूध मिळालंय. सुरकुतलेलं असेल तरच काळजी.

———

गिनीपिगला सशाचंच गवत चालतं, पण क जीवनसत्त्व त्याच्या शरीरात बनत नाही. रोज ढोबळी मिरचीची एक फोड किंवा पेरूचा लहान तुकडा द्या. कमी पडलं की सांधे दुखतात, उचललं की किंचाळतं. मादीचं पहिलं वेत सहा-सात महिन्यांच्या आत झालं नाही तर ओटीपोटाची हाडं जुळून येतात आणि नंतरच्या बाळंतपणात ती अडते. त्यामुळे नर-मादी एकत्र ठेवूच नका. दोन माद्या छान राहतात.

———

लाल कानाचं कासव, नाण्याएवढं घेतलेलं. मादी पुढे २५-३० सेंमीची होते आणि वीस-तीस वर्षं जगते, हे विकताना कुणी सांगत नाही. हिशेब असा : पाठीच्या दर इंचाला ४० लिटर पाणी. म्हणजे मोठ्या मादीला घरातली टाकी पुरत नाही, गच्चीवर हौद लागतो. पाणी निदान पाठीच्या लांबीएवढं खोल असावं आणि पूर्ण बाहेर येऊन अंग सुकवता येईल असा दगड हवा.

दगडावर ३२ अंशांच्या आसपास ऊब आणि यूव्हीबी (एक प्रकारचे अतिनील किरण) दिवा. काचेतून आलेल्या उन्हात यूव्हीबी नसतं, म्हणून खिडकीजवळच्या टाकीतल्या कासवाचीही पाठ मऊ पडते. दिवा पेटत असला तरी वर्षाने बदला, प्रकाश राहतो पण किरण संपतात. नुसता सुका झिंगा घातला तर अ जीवनसत्त्व कमी पडून डोळे सुजून मिटतात, आणि कासव अन्न बघूनच खातं, त्यामुळे उपाशी राहतं. पिल्लाला रोज त्याच्या डोक्याएवढे कासवाचे दाणे. मोठ्याला ते दिवसाआड, बाकी शेवग्याचा पाला, किसलेला लाल भोपळा. पालक नको. एका बाजूला कलून पोहत असेल, नाकातून बुडबुडे येत असतील तर न्यूमोनिया समजा.

पाणी बदलल्यावर हात साबणाने धुवा. साल्मोनेला जिवाणूचा संसर्ग होतो, लहान मुलांना जास्त. आणि नकोसं झालं म्हणून तळ्यात सोडू नका. आपल्याकडच्या कासवांची जागा आणि अन्न ते बळकावतं.

———

कोंबड्या. चार-पाच असल्या तरी मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. लासोटा ही पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवशी, डोळ्यात एक थेंब. आठव्या आठवड्याच्या सुमारास आर-टू-बी ही दुसरी लस टोचून. लस बर्फात आणा, विरघळवल्यावर दोन तासांत संपवा, नाहीतर नुसतं पाणी टोचल्यासारखं. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३५ अंश, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे बघा : बल्बखाली गठ्ठा झाला तर थंडी, कडेला पळून चोच उघडली तर गरम.

अंडी देणाऱ्या कोंबडीला रोज १०० ते १२० ग्रॅम खाद्य आणि वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा चुरा. खाद्यात मिसळू नका, तिला हवा तेवढा ती उचलते. खुडूक बसली (अंडी उबवायला ठाण मांडलं) आणि पिल्लं नको असतील तर पाण्यात बुडवायचा गावठी उपाय सोडा. तळाला जाळी असलेल्या, जमिनीपासून उचललेल्या पिंजऱ्यात तीन-चार दिवस ठेवा, दाणापाणी पूर्ण. पोटाला खालून वारा लागला की खुडूक मोडते.

———

बजरीगार (पिंजऱ्यातले छोटे रंगीत पोपट) यांच्या जोड्या ठेवणाऱ्यांसाठी : राळा आणि बाजरी मुख्य, सोबत पाला आणि समुद्रफेस. समुद्रफेस नसला की अंडं अडू शकतं; मादी तळाला फुगून बसते, शेपटी हलत राहते. लगेच तिला ३० अंशांच्या उबेत ठेवून डॉक्टर गाठा. पिंजरा स्वयंपाकघरात नको. नॉनस्टिक तवा रिकामा तापला तर त्या धुराने सगळे पक्षी काही मिनिटांत मरतात, माणसाला वासही येत नाही. नवा पक्षी महिनाभर दुसऱ्या खोलीत ठेवा आणि त्याचं दाणापाणी सगळ्यात शेवटी करा, म्हणजे हातावरून रोग जुन्या पक्ष्यांकडे जाणार नाही.