मदत हवी आहे: मुंग्यांच्या घरट्यात सुतार पक्ष्याचा संसार

नमस्कार मंडळी. दोडामार्गकडच्या आमच्या काजूच्या बागेत एका झाडावर काळ्या मुंग्यांचं भलंमोठं घरटं आहे, चघळलेल्या पाल्याच्या खपल्या एकावर एक रचलेलं. त्याला आता गोल भोक पडलंय आणि तांबूस सुतारांची जोडी तिथे ये-जा करतेय. नराच्या डोळ्याखालचा लाल डाग स्पष्ट दिसतो. हा पक्षी याच मुंग्या खातो आणि अंडीही त्यांच्याच घरट्यात घालतो, हे वाचलं होतं. प्रत्यक्ष बघताना अंगावर काटा आला.

अडचण अशी की काजू गोळा करणारे गडी, मुंग्या चावतात म्हणून घरटं जाळायचं म्हणत होते. ते थांबवलंय. ते झाड यंदा कोणी हात लावायचं नाही.

पण शेजारच्या झाडांवर काम चालू राहिलं तर जोडी घरटं सोडेल का? किती अंतर राखावं? फवारणी पूर्ण बंद ठेवावी का? पिल्लं उडून गेली हे लांबून कसं ओळखायचं? अंड्यांवर बसलेल्या पक्ष्याला मुंग्या सहसा त्रास देत नाहीत म्हणतात. हे कोणी स्वतः पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा. फोटोसाठी जवळ जाणार नाही, तेव्हा फोटो मागू नका.