जयंती नाला: छेद कसा घ्यायचा, मातीचे नमुने कुठून?

प्रश्न:
टीवायबीए भूगोलचा आमचा सहा जणांचा गट आहे. कोल्हापुरातल्या कात्यायनी टेकड्यांकडून पंचगंगेपर्यंत जयंती नाल्याकाठची माती आणि भूरूपं असा प्रकल्प आहे. दर ५०० मीटरला एक नमुना घ्यायचा विचार आहे. उंचीसाठी मोबाईलचं जीपीएस चालेल का? डम्पी लेव्हल (उंचीतला फरक मोजायचं दुर्बिणीचं उपकरण) मिळणार नाही.

उत्तर १:
जीपीएस नको. उंचीत काही मीटरची चूक सहज होते आणि तुमचा काठच दोन-तीन मीटरचा. टोपोशीटही (सर्वेक्षण खात्याचा नकाशा) इथे थिटी पडते, तिच्या समोच्च रेषा (समान उंचीच्या रेषा) २० मीटर उंचीच्या अंतराने असतात. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, १५-२० मीटर. दोन उभ्या पट्ट्या (त्यांवरच्या पाण्याच्या वाचनांतला फरक म्हणजे उंचीतला फरक), टेप, दोरी. नळीत बुडबुडा राहिला की वाचन चुकतं, म्हणून आधी तो काढा. वाचताना दोन्ही तोंडं उघडी ठेवा. उतार बदलेल तिथे वाचन घ्या, ठरावीक अंतराला नको. २० मीटरला ६० सेंमी उतरलं तर उतार ३ टक्के. शेवटी उलट मोजत सुरुवातीच्या बिंदूवर या, फरक ५ सेंमीच्या वर गेला तर पुन्हा मोजा.

उत्तर २:
दर ५०० मीटरचा हिशेब सोडा, माती भूरूपाप्रमाणे बदलते. तीन छेद (नाल्याला आडव्या, उंची मोजायच्या रेषा) पुरेत: टेकडीच्या पायथ्याशी, मधल्या शेतात, पंचगंगेच्या जवळ. प्रत्येक छेदावर पात्र, काठ, सपाटी आणि उतार इथून ०-१५ आणि १५-३० सेंमीचे वेगळे नमुने घ्या. बांध, उकिरडा, झाडाखालची जागा टाळा. उसाला नुकतं खत पडलं असेल तर ते शेतही. एका जागेचे पाच-सहा खड्डे मिसळून, चार भाग करून समोरासमोरचे दोन ठेवा. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सावलीत वाळवा.

काठाचा उघडा थर वाचायचा तर आधी १०-१५ सेंमी तासा, वरचं सगळं लिंपण असतं. शहरात बराच भराव आहे. थरात विटेचा तुकडा किंवा प्लॅस्टिक दिसलं की ती नाल्याने आणलेली जुनी माती समजू नका. खालच्या टोकाला तर पुरात पंचगंगेचं पाणी नाल्यात उलटं शिरतं, म्हणून २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतरचा वरचा गाळ नदीचाही असू शकतो. सांडपाणी आहे, गमबूट आणि हातमोजे हवेतच. पावसाळ्यात उतरू नका.

प्रश्नकर्ता:
खूप उपयोग झाला. वर्गात बाटलीची चाचणी (माती पाण्यात हलवून थर बसू द्यायचे) करून पाहिली, काळी माती तासाभरात एकच थर होऊन बसली आणि पाणी नितळ झालं. असं का?

उत्तर ३:
मातीत चुनखडी असणार. कॅल्शियममुळे चिकणमातीचे कण गोळा होऊन पोयट्याबरोबरच (वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड कण) खाली बसतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाका, फसफसली तर खात्री. माती कुटून २ मिमी चाळणीतून काढा, कण सुटे व्हावेत म्हणून सोडियम हेक्झामेटाफॉस्फेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा, मग हलवा. सरळ भिंतीची काचेची बरणी घ्या. साधारण मिनिटाला वाळूची खूण करा, दोन तासांनी पोयट्याची, दुसऱ्या दिवशी चिकणमातीची. काळी माती फुगते, त्यामुळे चिकणमातीचा थर खऱ्यापेक्षा जाड दिसतो. अहवालात टक्केवारी द्यायची असेल तर हायड्रोमीटरच (द्रवाची घनता मोजायचं उपकरण) लावा.