मदत हवी आहे: लेबर ऑफिसचं पत्र आलंय, इंदुरात नेमकं कुणाला विचारायचं?

सुखदा_इंदूर
नमस्कार. लेबर ऑफिसमधून पत्र आलंय, सोमवारी अकराला हजर व्हायचंय. नेटवर शोधलं तर एकतर दिल्लीच्या वेबसाइटी, नाहीतर वकिलांच्या जाहिराती. इंदुरात अशी काही जागा आहे का, जिथे माणूस समोर बसून सरळ उत्तर देईल? लवकर सांगा, घरात सगळ्यांचं बीपी वाढलंय. आणि ‘वकील करा’ एवढंच लिहू नका, ते मलाही सुचतं.

पोहाजलेबी
ताई, घाबरू नका. आधी १८१ लावा, सीएम हेल्पलाइन. आमच्या शेजारच्या मुलीचा पगार एका कॉल सेंटरवाल्यानं अडकवला होता, १८१ वर तक्रार टाकल्यावर सुटला. पगार किती महिन्यांचा अडकलाय तुमचा?

परदेशीपुरावासी
१८१ नळाला आणि रस्त्याला ठीक. हक्काच्या पैशाचा निवाडा तिथे होत नाही. युनियन गाठा. इंटक, बीएमएस, आयटक, सीटू, जे जवळ असेल ते. एकट्या माणसाला मालक उभं करत नाही. हुकुमचंद मिल नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडली आणि कामगारांच्या देण्याचा चेक निघाला डिसेंबर २०२३ मध्ये, २२४ कोटींचा. तोवर कितीतरी जण वरती गेले होते. थांबू नका एवढंच सांगतो.

कागद_आधी
सगळे जरा थांबा. ताईंनी मुख्य गोष्टी सांगितल्याच नाहीत. पत्राच्या वर कोणता अधिनियम लिहिलाय? काम शहरात की पिथमपूरला? पिथमपूर धार जिल्ह्यात जातं, हद्द बदलते. आणि पत्रात तुमचं नाव आवेदक (अर्ज करणारा) म्हणून आहे की अनावेदक (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे तो)?

सुखदा_इंदूर
शहरातच. वर ‘उपदान भुगतान अधिनियम १९७२’ आणि प्रकरण क्रमांक. अनावेदक म्हणून सासऱ्यांचं नाव आहे. अहो, छापखाना आमचाच आहे.

पोहाजलेबी
घ्या! आणि मी पगार विचारतोय.

परदेशीपुरावासी
म्हणजे मालक तुम्ही. उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी, नोकरी सुटल्यावर मालकानं द्यायची रक्कम. मग देऊन टाका की, विषय संपला.

सुखदा_इंदूर
‘देऊन टाका’ म्हणायला काय जातंय? मशीनमन होता. भाऊबीजेनंतर आलाच नाही, ना नोटीस ना फोन. लग्नसराई तोंडावर, ऑफसेटवर पत्रिकांचे गठ्ठे अर्धे छापून पडलेले, आणि हा दुसऱ्या प्रेसमध्ये जाऊन उभा. वर वीस हजारांची उचल बाकी. आणि ग्रॅच्युइटी मोठ्या कंपन्यांत असते ना? आमच्याकडे सात माणसं आहेत.

सांवेर_रोड
सात असतील तर लागूच होत नाही, दहा लागतात. सोमवारी तेवढंच सांगून या. शिवाय आता नवे लेबर कोड, म्हणजे नवे कामगार कायदे आलेत, १९७२ चा कायदाच गेला, त्या नोटिशीला काय अर्थ? मी स्वतः युनिट चालवतो, हे सगळं दबाव टाकायला असतं.

कागद_आधी
दोन्ही गोष्टी अर्धवट. एकदा दहा माणसांमुळे कायदा लागू झाला की पुढे माणसं कमी झाली तरी तो सुटत नाही. ताई, आधी कधी दहा होती का? आणि हा माणूस लागला कधी, शेवटचा पगार किती?
नव्या कोडचं म्हणाल तर ते २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाले. याची नोकरी ऑक्टोबरात संपली, म्हणजे हिशेब जुन्याच कायद्यानं. तो महिनाभरानं गेला असता तर पगाराची व्याख्याही नवी धरावी लागली असती.

सुखदा_इंदूर
कोविडआधी बारा-तेरा होती, बाइंडिंगच्या बायका धरून. तो मार्च २०१८ ला लागला. पगार १५,६००, एकरकमी, बेसिक वगैरे वेगळं दाखवत नाही. पण लॉकडाउनमध्ये प्रेस बंद होती, ते महिने वजा होतील ना?

कागद_आधी
नाही. कामगाराची चूक नसताना काम थांबलं तर सेवा तुटली असं धरत नाहीत.
हिशेब असा: महिना २६ दिवसांचा धरायचा. १५,६०० भागिले २६, म्हणजे रोजचे ६००. वर्षाला पंधरा दिवसांचे ९,०००. सात वर्षं आणि वर सहा महिन्यांहून जास्त, म्हणून आठ वर्षं. झाले ७२,०००. नोकरी सुटल्यापासून ३० दिवसांत द्यायचे असतात, पुढे साधं व्याज लागतं. त्यानं अर्ज केला नव्हता हे कारण चालत नाही, हिशेब करून कळवणं मालकाचं काम आहे.

सुखदा_इंदूर
आणि न सांगता गेला त्याचं काही नाही?

कागद_आधी
राजीनामा दिला तरी पाच वर्षांनंतर ग्रॅच्युइटी मिळतेच. ती अडवता येते ती कामावरून काढलं असेल तरच, आणि तेही नुकसान केलं, मारामारी केली किंवा कामावर असताना नैतिक अधःपतनाचा गुन्हा केला, अशा कारणांनी. नुसतं न सांगता जाणं त्यात बसत नाही. उचलीची चिठ्ठी असेल तर सोबत न्या, साहेबांपुढे मांडा, पण परस्पर कापून घेऊ नका.

सांवेर_रोड
तुम्ही मालकांच्या बाजूनं कधी बोलता का हो? माणूस बाहेर बोलावून पन्नास हजारांवर सही घ्यायची, प्रकरण मिटतं. सगळे हेच करतात.

कागद_आधी
कायद्यानं निघते त्यापेक्षा कमी ठरवणारा करार टिकत नाही. सही घेऊनही तो परत उभा राहू शकतो, मग पन्नास गेले ते गेलेच आणि व्याज चालूच. मालकांच्या बाजूनं बोलतोय म्हणूनच सांगतोय. आयुष्यभर कारखान्याचं मस्टर सांभाळलंय मी.

डब्लिनकर
गंमत वाटली वाचून. आमच्याकडे आयर्लंडमध्ये २०१५ पासून वर्कप्लेस रिलेशन्स कमिशन आहे. मालक असो की नोकर, दोघांनाही फोनवर माहिती देतात. तक्रारीचा फॉर्म ऑनलाइन, फी नाही, साधारण सहा महिन्यांच्या आत करायची. आधी मध्यस्थी सुचवतात, नाही जमलं तर निवाडा अधिकारी ऐकतो. आपल्याकडे असं एका खिडकीत का होत नाही?

पोहाजलेबी
दादा, ताईंची तारीख सोमवारी आहे, डब्लिनला जायला वेळ नाही.

मोती_बंगला
डब्लिनकर, अगदीच नाही असं नाही. सबंध मध्य प्रदेशाच्या श्रमायुक्तांचं कार्यालय भोपाळला नाही, इथेच आहे, एमजी रोडला न्यू मोती बंगल्यात. लेबर ऑफिस फक्त कामगारांचं, हा लोकांचा भ्रम आहे. मालकानं आधी जाऊन विचारलं तर तिथले बाबू फॉर्म आणि नियम सांगतात. सकाळी लवकर जावं, दुपारी टेबलं रिकामी.
सुखदाताई, तुमच्या बाजूनं बोलणारं हवं असेल तर पोलोग्राउंडला असोसिएशन ऑफ इंडस्ट्रीज मध्यप्रदेश आहे, तिथे लेबर कन्सल्टंटची नावं मिळतील. तुमचा सीए पगारपत्रक बघत असेल तर त्याच्याकडेही असा कन्सल्टंट असतोच. पीएफचं लेबर ऑफिसात विचारू नका, ते ईपीएफओकडे. ईएसआयचं, म्हणजे कामगारांच्या विम्याचं, ईएसआयसीकडे. इथे अर्धे लोक चुकीच्या दारात उभे असतात.

परदेशीपुरावासी
त्या मशीनमनसाठी पण कुणी काही सांगा की! कामगाराला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, १९८७ च्या कायद्यातच तसं लिहिलंय. फोन नंबर १५१००. ताई, त्याला सांगणार नाही तुम्ही, मला माहीत आहे.

सुखदा_इंदूर
त्यानं काय करायचं ते त्याला छान कळतंय, म्हणून तर पत्र आलं. सासरे म्हणतात जायचंच नाही, बघू काय करतात. ते चालेल का?

कागद_आधी
मुळीच नाही. गेला नाहीत तर एकतर्फी आदेश होतो. अपील करायचं तर मुदत ६० दिवसांची, आणि मालकाला आधी पूर्ण रक्कम भरूनच अपील करता येतं. त्यापेक्षा सोमवारी जा. हजेरीचं मस्टर, पगाराचं रजिस्टर, उचलीच्या चिठ्ठ्या आणि लेखी उत्तरासाठी वेळ मागणारा साधा अर्ज, एवढं पुरे. मस्टरवर खाडाखोड असेल तर आता दुरुस्त करायला जाऊ नका.

सराफा_रात्री
ताई, मुंजीच्या पत्रिका छापता का हो? शंभर हव्यात, गणपती नको, पळीपंचपात्र हवं.

सुखदा_इंदूर
छापतो. मेसेज करा. सोमवारनंतर.

सुखदा_इंदूर
जाऊन आलो. सासरे शेवटी आले, पण रिक्षात एक शब्द बोलले नाहीत. साहेबांनी मस्टर चाळलं, २०१९ च्या पानावर बोट ठेवून नावं मोजली, तेरा निघाली. मग ‘सात माणसां’चं आम्ही कुणी काढलंच नाही. मशीनमन पण आला होता. सासऱ्यांना वाकून नमस्कार केला आणि खुर्चीत बसल्यावर उचल वीस नाही, बाराच हजार होती म्हणाला. चिठ्ठ्यांवर सह्या दोनच सापडल्या. लेखी उत्तराला पुढची तारीख मिळाली आहे. कन्सल्टंट पोलोग्राउंडवरून मिळाला, तोही ७२ हजारच म्हणतो, वर व्याज. हप्ते मागता येतील का?

मोती_बंगला
मागा, लेखी मागा. तो तयार झाला तर साहेब सहसा हरकत घेत नाहीत. पण पहिली रक्कम चेकनं त्याच दिवशी द्यायची तयारी ठेवा, नुसत्या तोंडी वायद्याला कोण विचारतंय.

सांवेर_रोड
माझ्याकडचे पण दोघं पाच वर्षांच्या वर झालेत. बघावं लागेल.

नवा_सभासद
माझ्या पीएफमध्ये वडिलांचं नाव चुकलंय आणि जुनी कंपनी फोन उचलत नाही. इथेच विचारू का?

कागद_आधी
नवा धागा काढा. आणि त्यात यूएएन (पीएफ खात्याचा नंबर) आधारला जोडलेला आहे की नाही, ते पहिल्याच ओळीत लिहा.